जुन्या डायव्हर घड्याळांच्या डायल्स: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधी माझीच एक चूक सांगतो, म्हणजे मी अक्षरांवर एवढा का अडून बसतो ते कळेल. माझे काका मर्चंट नेव्हीत होते, ऐंशीच्या दशकात त्यांनी दुबईहून सीकोचं ६३०९ मॉडेलचं डायव्हर, म्हणजे पाण्याखाली घालायचं घड्याळ, आणलेलं. ते बंद पडलं म्हणून मी एका दुकानात दुरुस्तीला दिलं, तिथला माणूस म्हणाला साहेब डायल पण एकदम नवीन करून देतो, मी म्हटलं द्या. घड्याळ आलं, चकाचक, घरी सगळे खूश, मी पण. वर्षभराने लूप (डोळ्याला लावायचं भिंग) विकत घेतला आणि सहज म्हणून बघितलं तर वॉटर १५० मीटर रेझिस्टची ओळ एका बाजूला कललेली, आणि सहाच्या खाली अगदी काठावर जे बारीक जपान आणि डायल नंबर छापलेला असतो तो गायबच. जुनी डायल परत द्या म्हणावं तर ती आहे कुठे, त्या नव्या रंगाच्या खालीच की! तेव्हापासून कोणी घड्याळ दाखवलं की मी आधी सहाच्या खाली बघतो, आणि खालचे प्रश्न मला येत राहतात.

प्र. एकाच मॉडेलच्या एवढ्या वेगवेगळ्या डायल्स का असतात? कंपनी मुद्दाम करायची का?

नाही हो, कोणाच्या डोक्यात पण नव्हतं की पन्नास वर्षांनी लोक लूप लावून हे बघत बसतील. डायलवरची अक्षरं पॅड प्रिंटिंगने छापतात, म्हणजे धातूच्या प्लेटवर अक्षरं कोरलेली असतात, त्यात शाई भरायची, वरची पुसायची, मग एक मऊ गोळा त्यावर दाबून उचलायचा आणि डायलवर टेकवायचा. आता आपल्याकडे लग्नपत्रिकेचा ब्लॉक झिजला की नवा करायचे आणि नव्या ब्लॉकवर गणपतीची सोंड थोडी वेगळी यायची, तसंच हे. प्लेट बदलली की रोलेक्सच्या मुकुटाच्या चिन्हाची टोकं थोडी जाड होतात, ६ चा पोटातला गोल उघडा राहतो नाहीतर बंद होतो, एक अक्षर दुसऱ्याच्या जास्त जवळ येतं. शिवाय रोलेक्स डायल्स बाहेरून घ्यायची, सिंगर, स्टर्न, बेयेलर अशी वेगवेगळी माणसं, आणि ल्यूमचं, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या रंगाचं, केमिकल बदललं की त्याचे नियम वेगळे, कायदा बदलला की डायलवरचे शब्द वेगळे. ही सगळी कारणं एकावर एक बसली की झाली व्हेरिएशन.

प्र. मग या वेगवेगळ्या डायल्सना मार्क १, मार्क २ म्हणतात, हे नंबर कंपनीने दिलेत का?

नाही. ते कलेक्टर लोकांनी हजारो घड्याळं शेजारी शेजारी ठेवून नंतर पाडलेले आहेत. म्हणून दोन जाणकार एकाच डायलला वेगळा मार्क म्हणाले तर लगेच एकाला खोटारडा ठरवू नका. विकणारा नुसतं मार्क २ मार्क २ करत असेल तर त्याला विचारा कशावरून, अक्षरं दाखव. दाखवता आली तर बोलणं पुढे न्या.

प्र. डायल हातात आली तर सुरुवात कुठून करू?

सहाच्या खालून. सगळ्यांची नजर वर मुकुटाकडे जाते, नकली करणाऱ्याची पण, म्हणून मुकुट बऱ्यापैकी जमवलेला असतो आणि खालची बारीक ओळ घाईत उरकलेली असते.

रोलेक्स सबमरिनर घ्या, १९५३ पासूनचं मॉडेल. सुरुवातीच्या डायल्सवर खाली फक्त स्विस लिहिलेलं असतं, तेव्हा ल्यूममध्ये रेडियम असायचं. मग साधारण १९६४ च्या सुमारास स्विसच्या शेजारी टी<२५ आलं (डायलवर अर्थात रोमन लिपीत), टी म्हणजे ट्रिशियम, आणि <२५ म्हणजे २५ मिलिक्युरीपेक्षा (किरणोत्सर्गाचं माप) कमी. काही डायल्सवर टी स्विस टी असं पण मिळतं, तेही ट्रिशियमच. हे १९९८ च्या आसपासपर्यंत चाललं, त्यानंतर ल्यूमिनोव्हा आला, तो किरणोत्सर्गी नाही त्यामुळे टी लिहायचं कारणच संपलं, आणि गंमत म्हणजे थोड्या काळासाठी परत नुसतं स्विस आलं, मग स्विस मेड.

म्हणजे नुसतं स्विस असलेली डायल १९६० ची पण असू शकते आणि १९९८ ची पण. नवीन लोक इथेच फसतात. सबमरिनरच्याच ५५१३ मॉडेलच्या मॅट (न चमकणाऱ्या) डायलवर नुसतं स्विस बघितलं आणि ओरडले की रेडियम, अरे बाबा मॅट डायल म्हणजे १९६६-६७ च्या नंतरची, तिच्यावर रेडियम कुठून येणार, ती नंतर बदललेली सर्व्हिस डायल आहे. एका खुणेवरून निकाल लावायचा नसतो, दोन-तीन खुणा एकमेकींशी जुळतात का ते बघायचं.

प्र. सहाच्या खाली एक बारीक ठिपका आहे, डायल खराब आहे का?

उलट खूश व्हा! म्हणजे, खरी असेल तर. साधारण १९६१-६२ च्या काही गिल्ट (सोनेरी अक्षरांच्या, पुढे सांगतो) डायल्सवर सहाच्या उभ्या खुणेखाली ल्यूमचा एक इवलासा ठिपका असतो, खूण आणि ठिपका मिळून उद्गारचिन्ह दिसतं म्हणून तिला एक्सक्लमेशन डायल म्हणतात. रेडियमचं प्रमाण कमी केल्याची ती खूण असं कलेक्टर लोक धरतात. त्यानंतर १९६३-६४ च्या आसपास काही डायल्सवर एक छोटी आडवी रेघ येते, ती अंडरलाइन डायल, ती पण रेडियमकडून ट्रिशियमकडे जाण्याच्या काळातली. रेघ अगदी लहान असते, फोटोत प्रिंटिंगची चूक वाटते. ठिपका नंतर कोणी टाकलेला असला तर ल्यूमचा पोत बाकीच्या खुणांपेक्षा वेगळा दिसतो, हे लूपखाली लगेच कळतं.

प्र. गिल्ट म्हणजे सोनेरी रंगाने छापलेली अक्षरं ना?

नाही, आणि हा एकच मुद्दा नीट समजला तरी अर्ध्या नकली गिल्ट डायल्स तुम्ही स्वतः बाजूला काढाल.

खऱ्या गिल्ट डायलवर सोनेरी अक्षरं छापलेलीच नसतात. खाली पितळेची प्लेट असते, तिच्यावर आधी अक्षरांच्या जागा झाकायच्या, मग बाकीच्या प्लेटवर काळा थर चढवायचा, मग झाकण काढायचं. जिथे काळं चढलं नाही तिथे खालचं पितळ दिसतं, तीच ती सोनेरी अक्षरं. वरून चकचकीत लॅकर. म्हणजे अक्षर काळ्या पृष्ठभागाच्या खाली असतं, वर नाही. दहापट लूप घ्या, खिडकीजवळ बसा, घड्याळ हळूहळू तिरकं करा, अक्षर काळ्यात खोल गेल्यासारखं दिसेल, आणि प्रकाशाच्या कोनाप्रमाणे कधी उजळ पितळी तर कधी जवळजवळ नाहीसं होतं. नकलीत सोनेरी रंग काळ्यावर बसलेला असतो, तिरकं केलं की अक्षराला जाडी दिसते, भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवल्यासारखी, आणि चमक सगळ्या कोनातून सारखीच.

एक अपवाद आहे तो लक्षात ठेवा नाहीतर चांगली डायल नाकारून बसाल. काही खऱ्या गिल्ट डायल्सवर किती खोल पाण्यात चालतं ती ओळ किंवा क्रोनोमीटरची (अचूकतेच्या प्रमाणपत्राची) ओळ चंदेरी असते आणि ती मात्र वरूनच छापलेली असते. म्हणजे एकाच डायलवर काही अक्षरं खोल आणि काही वर, हे चालतं.

गिल्टमध्येच अजून एक बघायचं, मिनिटांच्या रेघा बाहेरून एका पूर्ण गोलाने जोडलेल्या आहेत का. हा चॅप्टर रिंग. साधारण १९६३-६४ पर्यंत असतो, नंतर नुसत्या रेघा राहतात. आणि गिल्टच्या शेवटच्या दिवसातल्या काही डायल्सवर मुकुट असा बसका आणि जाड आलाय की लोक तिला बार्ट सिम्पसन डायल म्हणतात, त्या कार्टूनमधल्या पोराच्या केसांसारखा. रोलेक्सच्या डायलला असं नाव पडेल असं त्या प्लेट कोरणाऱ्याला स्वप्नात पण वाटलं नसेल.

प्र. मीटर आधी की फूट आधी, याने एवढा काय फरक पडतो?

मॅट डायलच्या बाबतीत सगळ्यात सोपी खूण आहे ही, लूप पण लागत नाही. पहिल्या मॅट डायल्सवर २०० मी = ६६० फूट असं लिहिलेलं, म्हणजे मीटर आधी. १९६९-७० च्या सुमारास उलटं झालं, ६६० फूट = २०० मी. आकडे तेच, खोली तीच, फक्त क्रम. तर कोणी १९७५ चा केस (घड्याळाची बाहेरची धातूची पेटी) दाखवून मीटर फर्स्ट डायल ओरिजिनल आहे म्हणत असेल तर विचारा की पाच वर्षं ही डायल कुठे पडून होती. कारखान्यात जुना माल थोडा उशिरा बसवला जायचा हे खरं आहे, वर्ष-दीड वर्षाची गल्लत मी सोडून देतो, पाच वर्षांची नाही.

प्र. ५५१२ आणि ५५१३ डायलवरूनच ओळखता येतात का? चार ओळी म्हणजे ५५१२ ना?

अर्धं बरोबर. ५५१२ साधारण १९५९ मध्ये आलं, ५५१३ १९६२ मध्ये. ५५१२ ला नंतर क्रोनोमीटर प्रमाणपत्राचं मशीन बसलं म्हणून खाली चार ओळी आल्या. पण सुरुवातीच्या ५५१२ वर दोनच ओळी होत्या. म्हणून दोन ओळी दिसल्या की ५५१३ म्हणायची घाई नको. उलटं मात्र चालत नाही, ५५१३ कधीच क्रोनोमीटर नव्हतं, त्यामुळे ५५१३ च्या केसमध्ये चार ओळींची डायल दिसली तर ती दुसरीकडून आलेली आहे, विषय संपला.

नक्की करायचं तर पट्टा काढायला लागेल. पट्टा जिथे केसला जोडतो तिथे दोन शिंगांच्या मध्ये बाराच्या बाजूला मॉडेल नंबर आणि सहाच्या बाजूला सिरियल नंबर कोरलेला असतो. सिरियलचा ढोबळ अंदाज असा, दहा लाखाच्या आसपास असेल तर १९६४ च्या जवळपास, तीस लाख म्हणजे १९७२ च्या जवळपास, पन्नास लाख म्हणजे १९७७-७८. वेगवेगळ्या तक्त्यांत एखाद-दोन वर्षं इकडेतिकडे होतात त्यामुळे तारखेसारखं धरून बसू नका. जुन्या घड्याळांत मागचं झाकण आतून बघितलं तर रोमन आकड्यात तिमाही आणि पुढे वर्ष असा शिक्का पण मिळतो, समजा दोन आणि ६६ असेल तर १९६६ ची दुसरी तिमाही. पण झाकण उघडायचं काम स्वतः करू नका प्लीज, चाकू घेऊन तर अजिबात नाही.

प्र. लाल सबमरिनरबद्दल सगळे एवढे हळवे का होतात?

कारण एक शब्द लाल आहे, बस. १६८० हे तारीख असलेलं पहिलं सबमरिनर, साठच्या दशकाच्या शेवटी आलं, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याच्यावर सबमरिनर हा शब्द लाल रंगात यायचा, नंतर पांढरा झाला. एका शब्दाच्या रंगावरून किमतीत एवढा फरक पडतो म्हटल्यावर पांढऱ्याचं लाल करणारे पण आलेच.

इथे पण मीटर आधी वाले जुने, फूट आधी वाले नंतरचे. त्याच्या आत मग ६६० मधल्या दोन ६ चं टोक उघडं आहे की पोटाला चिकटून बंद झालंय ते बघतात, फुटाच्या ft मधल्या एफ आणि टी ची उंची बघतात, मुकुट कुठल्या अक्षराच्या डोक्यावर येतो ते बघतात. मी एकदा एका मित्राकडे लाल १६८० बघितलं, सगळं बरोबर, मीटर-फुटांची ओळ, मुकुट, टी<२५, आणि लाल शब्द लूपखाली धरला तर अक्षराच्या कडेने पांढरी किनार डोकावत होती, एका बाजूने जास्त, एका बाजूने कमी. पांढऱ्या शब्दावर कोणीतरी लाल फिरवला असेल असं मला वाटलं. मित्र म्हणाला काही खऱ्या डायल्सवर पण लाल शब्दाखाली पांढरा थर असतो. ते पण खरंच आहे! मग किनारीवर भांडण्यापेक्षा आम्ही अक्षरांच्या आकाराकडे गेलो, कारण लाल शब्दाचा सांगाडा आणि पांढऱ्या शब्दाचा सांगाडा वेगळ्या प्लेटमधून आलेला असतो, रंग बदलता येतो पण सांगाडा बदलता येत नाही. शेवटी ती नंतरची, पांढऱ्या काळातली निघाली. त्याने चहा पाजला आणि विषय बदलला.

प्र. मॅक्सी, ट्रॉपिकल, स्पायडर म्हणजे काय?

मॅक्सी म्हणजे ५५१३ ची सत्तरच्या दशकाच्या शेवटापासूनची मॅट डायल, जिच्यावर ल्यूमचे गोल नेहमीपेक्षा मोठे आहेत. ट्रॉपिकल म्हणजे काळी डायल उन्हाने आणि वयाने तपकिरी झालेली. खरी असेल तर तपकिरी रंग सगळीकडे एकजीव असतो आणि काट्यांच्या ल्यूमचं वय त्याच्याशी जुळतं. भट्टीत भाजून ट्रॉपिकल करणारे पण आहेत, त्यांच्यात डायल म्हातारी आणि काटे तरुण असा प्रकार दिसतो. स्पायडर म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या मध्यातल्या चकचकीत डायल्सचं लॅकर तडकून कोळ्याच्या जाळ्यासारखं झालेलं, तीन लोकांना ते आवडतं आणि मी त्या तिघांत नाही.

प्र. सर्व्हिस डायल म्हणजे खोटी डायल का?

नाही. घड्याळ कंपनीकडे सर्व्हिसला गेलं, जुनी डायल खराब होती किंवा किरणोत्सर्गी होती, त्यांनी काढून नवी बसवली, ती सर्व्हिस डायल. कंपनीचीच आहे, पण त्या घड्याळाच्या जन्माच्या वेळची नाही. घालायला घेत असाल तर उत्तम, रात्री चमकेल पण. विकत घेताना मात्र तिला ओरिजिनलचा भाव द्यायचा नाही. आणि विकणाऱ्याने स्वतःहून सांगितलं तर त्याला जपून ठेवा, अशी माणसं कमी मिळतात.

प्र. यूव्ही टॉर्चने काय कळतं?

बरंच. ट्रिशियमचं अर्धं आयुष्य १२.३ वर्षं, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या डायलमध्ये आता फारच थोडं उरलंय. टॉर्च मारली की ल्यूम क्षणभर उजळतं आणि टॉर्च बंद केली की जवळजवळ लगेच विझतं. ल्यूमिनोव्हा असेल तर टॉर्च बंद केल्यावर पण मस्त चमकत राहतं, म्हणजे १९७२ च्या घड्याळाची डायल दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखी उजळत राहिली तर डायल तरी बदललीये नाहीतर ल्यूम तरी नव्याने भरलंय. काटे आणि डायल वेगळ्या वेळाने विझले तर दोन्हीचं वय वेगळं.

रेडियमची गोष्ट वेगळी आहे, त्याचं अर्धं आयुष्य १६०० वर्षं. चमक कधीच मेलेली असते कारण चमकणारं केमिकल झिजतं, पण रेडियम तसंच जागं असतं. गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) त्याच्यावर जोरात टकटकतो, ट्रिशियमवर साधारणपणे गप्प बसतो कारण त्याचे किरण काचेच्या बाहेर पण येत नाहीत. मनगटावर बंद घड्याळात ठीक आहे, पण रेडियम डायल उघडून ल्यूम खरवडायचं नाही, त्याची धूळ नाकातोंडात जाणं हा खरा धोका आहे. हे कुतूहल म्हणून पण करू नका.

प्र. रोलेक्स माझ्या आवाक्यात नाही, सीकोबद्दल सांगा.

सांगतो, आणि खरं सांगायचं तर आपल्या घरांतल्या कपाटात निघाली तर सीकोच निघतात, गल्फला गेलेल्या किंवा बोटीवर असलेल्या कोणीतरी आणलेली.

सीकोचं पहिलं डायव्हर १९६५ चं, ६२मास म्हणतात त्याला, १५० मीटरचं. मग १९६८ मध्ये ६१०५-८०००, १९७० पासून तो मोठा उशीसारखा केस असलेला ६१०५-८११०, तो १९७७ पर्यंत, आणि १९७६ पासून १९८८ पर्यंत ६३०९. डायलवर पहिलं काय बघायचं तर एक शब्द. जुन्या ६१०५ वर वॉटर १५० मी प्रूफ, नंतरच्यांवर वॉटर १५० मी रेझिस्ट. १९७० च्या सुमारास वॉटरप्रूफ हा शब्द वापरणं बंद झालं, कारण कुठलंच घड्याळ पूर्णपणे प्रूफ नसतं. तर १९७० चा केस आणि प्रूफ डायल, छान. १९७५ चा केस आणि प्रूफ डायल, मग कोणीतरी दोन घड्याळांचं एक केलंय.

केसचं साल कसं काढायचं तर मागच्या झाकणावरच्या सिरियलचा पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा आकडा, दुसरा म्हणजे महिना, १ ते ९ आकड्यात आणि ऑक्टोबर नोव्हेंबर डिसेंबरला ओ, एन, डी. आता ६३०९ ची पंचाईत अशी की ते बारा-तेरा वर्षं निघालं, त्यामुळे ८ ने सुरू होणारा सिरियल १९७८ चा पण असू शकतो आणि १९८८ चा पण, तिथे बाकीच्या खुणा बघायला लागतात.

सहाच्या खाली काठावर जो डायल नंबर असतो त्याचे पहिले चार आकडे मशीनचे असतात, ते मागच्या झाकणावरच्या पहिल्या चार आकड्यांशी जुळायला हवेत. पुढचे मात्र जुळत नाहीत आणि जुळायला पण नकोत, केसचा कोड वेगळा, डायलचा वेगळा. दर महिन्याला कोणीतरी घाबरून विचारतं की नंबर मॅच होत नाहीत, फसलो का, नाही फसलात, पहिले चार बघा.

मग बाहेरून बनवलेल्या नव्या डायल्स, त्या ६१०५ आणि ६३०९ साठी भरपूर मिळतात. शेजारी खरी ठेवली की कळतं, अक्षरं जाड असतात, ल्यूमचे ठिपके फुगून काठाबाहेर आलेले असतात, पांढरा रंग फार पांढरा असतो. ६१०५ वर तासाच्या खुणांना धातूची चौकट असते, ६३०९ वर नसते, नुसते रंगवलेले ल्यूमचे आकार. एवढं आठवलं तरी दुकानात उभ्या उभ्या बरंच टळतं.

प्र. मुंबई स्पेशल म्हणजे काय?

आपल्या नावाने जगभरात फिरणारी बदनामी. इथे रंगवलेल्या डायल्स, कुठल्याही केसमध्ये कुठलंही मशीन, केशरी नाहीतर पोपटी डायल आणि वर मोठ्ठा लोगो, अशा घड्याळांना परदेशातले कलेक्टर मुंबई स्पेशल म्हणतात. मटण स्ट्रीटवरच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात उभं राहिलात तर दहा मिनिटांत पाच दिसतील. वाईट आहेत असं नाही, कॉलेजच्या पोराने स्वस्तात घालायला घेतलं तर मी काही बोलणार नाही, फक्त त्याला विंटेज ओरिजिनल म्हणू नका.

रंगवलेली डायल ओळखायची तर मिनिटांच्या रेघा तासाच्या खुणांच्या बरोबर मधोमध येतात का बघा, एका बाजूने सुरुवात करून गोल फिरत जा, रंगवणाऱ्याची चूक साधारण सात-आठच्या आसपास साठून दिसायला लागते. तारखेच्या खिडकीच्या कडेला रंग साचलाय का बघा. मग सहाच्या खाली, जिथे मी सुरुवातीला जायला सांगितलं. माझ्या काकांच्या घड्याळावर या तिन्ही खुणा आहेत, शिकवायला मी तेच काढतो.

प्र. फेवर ल्यूबाची डायव्हर घड्याळं पण होती का?

होती! आपल्याकडे लोकांना सी किंग आणि सी चीफ माहीत, नावात सी असलं तरी ती रोजची चावीची घड्याळं. ही स्विस कंपनी मुंबईत १८६५ मध्येच आली, म्हणून आजोबांच्या पिढीत एवढी दिसतात. खरं डायव्हर म्हणजे १९६४ चं डीप ब्लू, २०० मीटरचं, आणि १९६८ चं बॅथी, ज्याच्यात खोली मोजायचं यंत्रच होतं, ५० मीटरपर्यंत दाखवणारं. इथे बाजारात निघणारी बहुतेक सी चीफ असतात आणि बहुतेक रंगवलेली. डीप ब्लू म्हणून कोणी दाखवलं तर आधी केस बघा, काचेभोवती फिरणारी बेझल (कडी) आहे का, जाड झाकण आहे का, कारण डीप ब्लू हे नाव सी चीफच्या डायलवर छापायला पाच मिनिटं लागतात.

प्र. कॉमेक्स किंवा ब्रिटिश मिलिटरीची डायल स्वस्तात मिळतेय, घेऊ का?

नको.

प्र. एवढंच उत्तर?

बरं, थोडं सांगतो. कॉमेक्स ही फ्रान्समधल्या मार्सेची डायव्हिंग कंपनी, तिच्यासाठी बनलेल्या रोलेक्सच्या काही डायल्सवर तिचा लोगो आहे. ब्रिटिश सैन्याच्या ५५१३ वर टी भोवती गोल असतो, काटे तलवारीसारखे आणि बेझलवर साठही मिनिटांच्या रेघा. दोन्ही इतक्या कमी आहेत आणि किंमत इतकी जास्त की लोगो किंवा गोल छापणं हा काही लोकांचा धंदाच झालाय. कागदपत्रं आणि आधीच्या मालकांची साखळी नसेल तर डायल कितीही सुंदर असली तरी नको.

प्र. फक्त फोटोवरून सांगाल का?

प्रयत्न करीन, पण फोटो नीट काढा. दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद, कॅमेरा डायलच्या अगदी सरळ वर. बऱ्याच जुन्या घड्याळांची काच प्लास्टिकची आणि फुगीर असते, तिरक्या फोटोत काठाजवळची अक्षरं वाकतात आणि मग मला चांगली डायल पण वाकडी दिसते. एक सरळ, एक तिरका, एक सहाच्या खालचा जवळून, एक काट्यांचा, एक पट्टा काढून सिरियलचा. विकणारा सहाच्या खालचा फोटो द्यायला तीनदा टाळाटाळ करत असेल तर तुम्हाला उत्तर मिळालंय, माझी गरज नाही.

प्र. आमच्याकडे कोकणात दमट हवा, डायलला काही होतं का?

होतं ना. जुनी रबरची रिंग कडक झालेली असते, बाष्प आत जातं, डायलवर बुरशीसारखे डाग येतात, ल्यूम काळं पडतं, काटे गंजतात. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि काचेच्या आतून धुकं दिसलं तर त्याच आठवड्यात उघडून घ्या, गणपती झाल्यावर बघू असं करू नका. आणि पन्नास वर्षांचं डायव्हर घालून तारकर्लीला पाण्यात उतरू नका, डायलवर कितीही मीटर लिहिलेले असू देत.

प्र. दुरुस्तीला देताना दुकानदाराला काय सांगू?

डायलला हात लावायचा नाही. पॉलिश नाही, रंग नाही, ल्यूम भरणं नाही, ओल्या कापसाने पुसणं पण नाही. हे तोंडी सांगू नका, पावतीवर लिहून घ्या, आणि त्याच्यासमोर डायलचे चार फोटो काढा, एक सहाच्या खालचा. डायल बदलायलाच लागली तर जुनी पाकिटात घालून परत द्यायची हे पण लिहा, कितीही खराब असली तरी. मी तेव्हा पावती न वाचताच खिशात घातली होती. ती अजून माझ्याकडे आहे, तिच्यावर लिहिलंय "डायल नवीन, चार्ज नाही".